तानसेन समारोहातला एक दिवस : सकाळची सभा चुकवू नये

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात तानसेनाच्या समाधीपाशी दर डिसेंबरात भरणाऱ्या, शास्त्रीय संगीताच्या तानसेन समारोहाला मी लहानपणापासून जात आले आहे, परंतु बहुतेक वेळा संध्याकाळच्या सभेलाच. गेल्या डिसेंबरात मात्र आत्याच्या आग्रहावरून आम्ही दोघींनी एकाच दिवशी सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन्ही सभा अथपासून इतिपर्यंत ऐकल्या. महाराष्ट्रातून खास या समारोहासाठी येऊ इच्छिणाऱ्या रसिकांना त्या दिवसाचा अनुभव उपयोगी पडेल असे वाटल्याने हे लिहीत आहे.

समारोहाची सुरुवात 1924 साली शिंदे संस्थानाच्या काळात उरुसाच्या स्वरूपात झाली आणि 2024 मध्ये त्याने शंभरी गाठली. उरुसाची ती खूण आजही पहिल्या दिवशी दिसते : सकाळी समाधीपाशी आधी सनईवादन, मग ढोलीबुवा मठाच्या परंपरेतली हरिकथा आणि त्यानंतर मीलाद म्हणजे पैगंबरांचे गुणगान होते, आणि समाधीवर चादर चढवली जाते. हरिकथा हिंदीतून होत असली, तरी त्या कथनाची घडण आमच्या घरच्या कीर्तनाचीच आहे, आणि शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी कुटुंबांना ती अजूनही आपली वाटते.

समारोहाची जागा हाच त्याचा मोठा गुण आहे. सूफी संत महंमद गौस यांचा दगडी जाळ्यांचा भव्य मकबरा मागे उभा असतो आणि त्याच आवारात तानसेनाची समाधी म्हणजे चारही बाजूंनी मोकळी, खांबांवर तोललेली, जवळपास नजरेआड होईल इतकी साधी वास्तू आहे. शेजारच्या चिंचेची पाने चघळली की गळा गोड होतो ही समजूत इथे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, आणि बाहेरून आलेले तरुण गायक अजूनही तिथे थोडे रेंगाळताना दिसतात.

सकाळची सभा दहाच्या सुमारास सुरू होते. प्रत्येक सभेच्या आरंभी ग्वाल्हेरच्या एखाद्या संगीत संस्थेचे विद्यार्थी ध्रुपद गातात आणि अनेक श्रोते नेमके तेवढे संपल्यावर येऊन बसतात; ही सवय सोडावी असे मला मनापासून वाटते. त्या सकाळी मांडवाच्या कडेने आत आलेले ऊन एका तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पडले होते. ते जसजसे चढत गेले तसतशी पंचमाची तार उतरू लागली, तेव्हा तो तंबोरा धरून गाणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने गाणे न थांबवता, एका हाताने तार छेडत आणि दुसऱ्या हाताने मणी अगदी केसभर सरकवत, ती पुन्हा जागेवर आणली. आत्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलेली आहे. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बघ गं, कान तयार आहे हिचा. बाकीचं सगळं येईल हळूहळू."

त्यानंतर झालेला तोडी राग मला दीर्घकाळ आठवेल. ख्याल तिलवाडा तालात होता, लय अतिविलंबित नव्हती, आणि स्थायी-अंतरा पूर्ण, स्पष्ट शब्दांत मांडल्यानंतरच गायकाने बढतीला, म्हणजे रागाच्या विस्ताराला, हात घातला. बंदिशीला असा मान देणारी, खुल्या 'आ'काराची, सपाट तानांची ही ग्वाल्हेर गायकी मोकळ्या हवेत विशेष खुलते असे माझे मत आहे. बंद सभागृहात आवाज भिंतींवरून परत येतो आणि गाण्यातल्या काही उणिवा झाकल्या जातात. इथे तसा आधार नसल्यामुळे लावलेला स्वर जसा आहे तसाच ऐकू येतो आणि खरा आवाज किती दूरवर पोहोचतो तेही कळते. याच शहरात वासुदेवबुवा जोशींकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ही गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले आणि त्यांच्या शिष्यांपैकी विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिचा देशभर प्रसार केला, त्यामुळे मराठी श्रोत्याला इथे आपल्याच गाण्याच्या माहेरी आल्यासारखे वाटते.

दुपारी सभा नसते. आम्ही घरून नेलेल्या दशम्या आणि लसणीची चटणी उन्हात बसून खाल्ली, बाहेरून गजक ही तिळाची मिठाई घेतली आणि मकबऱ्याच्या जाळ्यांमधून पडणाऱ्या सावल्या पाहत तास-दीड तास काढला.

संध्याकाळच्या सभेला गर्दी मोठी असते, दिव्यांची रोषणाई असते आणि नामवंत कलाकारही बहुधा याच सभेत असतात, तरीही माझे मन सकाळीच अधिक रमले. दव पडू लागले की तबल्याचा स्वर हलतो आणि तबलावादकाला दर थोड्या वेळाने हातोडीने वाद्यांचे लाकडी गट्टे ठोकून तो मिळवून घ्यावा लागतो. सरोदवादनातल्या आलापीच्या ऐन रंगात दोनदा असे झाले. त्याला इलाज नाही. परंतु मोबाइल उंच धरून मागच्यांची दृष्टी अडवणे आणि शेवटची जलद लयीची द्रुत गत सुरू होताच उठून चालू लागणे हे मात्र श्रोत्यांच्या हातात आहे, आणि त्याचे मला फार वाईट वाटले. रात्री उशिरा मालकंस राग सुरू झाला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. जे थांबले होते ते शाली कानांवर ओढून, श्वासाचाही आवाज होऊ न देता ऐकत होते, आणि दिवसभरातली सर्वांत गाढ शांतता त्या वेळी मांडवात होती.

प्रवेशाला तिकीट नाही. पुढची बैठक हवी असल्यास सकाळी साडेनवापर्यंत पोहोचावे, ध्वनिक्षेपकाच्या अगदी समोर बसू नये आणि संध्याकाळसाठी कानटोपी व जाड शाल जवळ ठेवावी, कारण डिसेंबरातली ग्वाल्हेरची रात्र पुण्या-मुंबईच्या माणसाला सहज सोसणारी नाही. मुक्काम वाढवता आला तर शेवटच्या दिवशी तानसेनाच्या जन्मगावी, बेहटला होणारी सकाळची सभा अवश्य ऐकावी. तिथल्या शिवमंदिराला तानसेनाच्या तानेने तिरपे केले अशी आख्यायिका आहे, आणि मांडव त्याच मंदिराजवळ, झिलमिल नदीच्या काठी असतो. आत्याने येत्या वर्षासाठी आतापासूनच तिकडे जाण्याचे ठरवले आहे, आणि दशम्या करण्याचे काम या खेपेस माझ्याकडे आले आहे.