पेव्हर ब्लॉक की शहाबादी? आधी गोण्या मोजा

पुण्यात बंगल्याचं हजार चौरस फूट अंगण करायचंय आणि एम्बॉडीड कार्बन, म्हणजे माल बनवण्या-आणण्यात हवेत गेलेला कार्बन, कमी ठेवायचाय. ढोबळ हिशेबाला सॉफ्टवेअर लागत नाही, सिमेंटच्या गोण्या मोजल्या तरी पुरतं. पन्नास किलोच्या गोणीमागे साधारण 30 ते 45 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. फ्लायॲश म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं सिमेंट (पीपीसी) खालच्या टोकाला, बिनराखेचं साधं सिमेंट (ओपीसी) वरच्या.

60 मिमीचे काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक घेतले तर या अंगणाच्या ब्लॉकमध्येच चाळीसेक गोण्या जातात. ब्लॉक कचेवर, म्हणजे दगडाच्या बारीक चुऱ्यावर बसतात, खाली काँक्रीट लागत नाही. पुढेमागे पाइप फुटला तर उचलायचे, पुन्हा तेच लावायचे.

शहाबादी म्हणजे चुनखडीच. ती कर्नाटकातल्या कलबुर्गीच्या ज्या पट्ट्यातून येते, तिथेच चुनखडी भाजून सिमेंटही करतात. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, इंधनाचा धूर वेगळाच. फरशी म्हणून अंथरली तर तो दगडातच राहतो. उरतो ट्रक. चारेकशे किलोमीटर येणं आणि रिकामं परतणं धरलं, तरी दहा-पंधरा गोण्यांइतकाच कार्बन.

मग शहाबादीच? थांबा, गोम खाली आहे. आपला ठेकेदार सवयीने फरशीखाली चार इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट ओततो, वर इंचभर माल, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर. 1:3:6 च्या (सिमेंट:वाळू:खडी) पीसीसीत चाळीसेक गोण्या, मालात दहा-बारा. झाली पन्नाशी पार, म्हणजे ब्लॉकपेक्षा जास्त! माझ्याच एका कामात मी दगड निवडून खूश होतो. साइटवर गेलो तर मिक्सर फिरत होता. शिवाय मालात बसवलेली फरशी काढताना निम्मी फुटते.

म्हणून माझं मत: चालण्या-बसण्याच्या भागात शहाबादी, धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट केलेल्या मुरुमावर कच टाकून, सांधे मोकळे. पॉलिश नको. पातळ फरशी गाडीखाली तडकते, तेव्हा गाडीच्या चाकांपुरते दोन पट्टे 80 मिमी ब्लॉकचे. जवळच्या खाणीतला काळा दगड मिळाला तर ट्रकचाही भार उतरतो, पण घडाईची मजुरी चढते. आणि अंगण खरंच हजार फूट लागतंय का? दोनशे फूट मातीच ठेवली तर ब्लॉकच्या आठ गोण्या वाचल्या.

पीसीसी नकोच असेल तर कोटेशनमध्ये तसं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं मिक्सर येईपर्यंतच टिकतं.