खरखर थांबवायची कशी: सेटिंग, ड्रायव्हर, यूएसबी साउंड कार्ड की अर्थिंग?

“बुवाचा आवाज असा कामून फाटायलाय रे?” परभणीहून मामांचा फोन आला. संध्याकाळी कॉम्प्युटरला अँप्लिफायर जोडून कीर्तन ऐकायचा त्यांचा नेम, आणि त्यात तडतड शिरलेली. लातूरला नीटची तयारी करणाऱ्या भाचीचं गाऱ्हाणं त्याच आठवड्यातलं: रेकॉर्ड केलेली लेक्चरं लॅपटॉपवर लावली की हेडफोनमध्ये खरखर. एका दुकानात मामांना मदरबोर्ड बदलायला सांगितलं होतं, तर भाचीला मैत्रिणींनी यूएसबी साउंड कार्ड, म्हणजे यूएसबीला लावून त्यातून हेडफोनला आवाज देणारं छोटं उपकरण, घ्यायला. दोघांची दुखणी वेगळी निघाली, आणि दोघांनाही सुचवलेला उपाय चुकीचा होता.

म्हणून पैसे काढण्याआधी एक प्रश्न: काहीही वाजत नसताना आवाज येतो का? गाणं थांबवलेलं असताना घुंऽऽ किंवा चरचर ऐकू येत असेल तर गडबड विजेची किंवा वायरीची आहे. फक्त वाजताना तडतड होत असेल तर सेटिंग, ड्रायव्हर (कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा खुद्द फाइल बघा. पिन हलवली की आवाज जात-येत असेल तर जॅक सैल झालाय किंवा त्यात धूळ बसलीय.

फाइलची खात्री लगेच होते. तीच फाइल मोबाइलवर लावा. त्याच सेकंदाला तसाच आवाज फाटला तर कॉम्प्युटरचा काही दोष नाही. व्हीएलसी या प्लेअरमध्ये आवाज १०० टक्क्यांच्या वर नेलेला असेल तर तो खाली आणा. शंभराच्या पुढे आवाज कृत्रिमपणे फुगवला जातो, त्याची टोकं छाटली जातात आणि तीच छाटणी कानाला खरखर वाटते. मामांच्या वयाच्या माणसांकडे हे फार आढळतं, कारण बारीक आवाज ऐकू येत नाही म्हणून पट्टी शेवटापर्यंत ओढलेली असते.

सेटिंग की ड्रायव्हर?

दोन्ही फुकट आहेत, त्यामुळे सुरुवात इथूनच. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड असं जाऊन आपल्या स्पीकरवर क्लिक करा आणि ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. तिथेच फॉरमॅट २४ बिट, ४८००० हर्ट्झ करून बघा, नाहीतर ४४१०० करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि बिघडण्यासारखं त्यात काही नाही. पण यानं गुण आला नाही तर सेटिंगांत आणखी चाचपडत बसू नका, ड्रायव्हरकडे वळा.

ड्रायव्हरमुळे आवाज का तुटतो, हे समजलं की पुढची निवड सोपी जाते. ४८००० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने. विंडोज ते साधारण दहा-दहा मिलिसेकंदांच्या घासांनी साउंड कार्डाला भरवतं, म्हणजे एका घासात ४८० नमुने. मधेच वायफायच्या किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरनं प्रोसेसर अडवून धरला तर पुढचा घास वेळेवर पोचत नाही. त्या रिकाम्या क्षणी जे ऐकू येतं ते ‘तड’. प्रोसेसर कितीही तगडा असला तरी हे होऊ शकतं, कारण इथे प्रश्न ताकदीचा नसून वेळ पाळण्याचा आहे.

भाचीला मी फोनवरच सांगितलं, आधीच उतरवून ठेवलेलं एखादं लेक्चर लाव आणि वायफाय बंद कर. खरखर थांबली. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून वायफायचा नवा ड्रायव्हर टाकला आणि विषय संपला. साउंड कार्ड घेतलं असतं तर पैसे गेले असते आणि खरखर तशीच राहिली असती, कारण यूएसबी कार्डालाही घास त्याच प्रोसेसरकडून मिळतो. असा सरळ पत्ता लागला नाही तर लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवतो, ते ते नावानिशी दाखवतं.

दोष आवाजाच्याच ड्रायव्हरचा वाटला तर दोन पर्याय समोर येतात: रिअलटेकचा (बऱ्याच कॉम्प्युटरांतली आवाजाची चिप बनवणारी कंपनी) ड्रायव्हर की विंडोजचा स्वतःचा? डिव्हाइस मॅनेजरमध्ये रिअलटेकवर राइट क्लिक करून अपडेट ड्रायव्हर, मग आपल्या कॉम्प्युटरवरच्या यादीतून निवडण्याचा पर्याय, आणि तिथे ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ निवडायचं. विंडोजच्या या साध्या ड्रायव्हरवर इक्वलायझरसारख्या कंपनीच्या खास सोयी जातात, काही लॅपटॉपांचे स्पीकर थोडे फिके वाजतात. पण त्याच्यात भानगडी कमी. लेक्चर आणि कीर्तन ऐकणाऱ्याला मी डोळे झाकून हाच सुचवेन. सिनेमे बघणाऱ्यानं मात्र आधी कंपनीचा नवा ड्रायव्हर टाकून बघावा. मन बदललं तर त्याच वाटेनं परत येता येतं.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: गाणं सुरू होताना एकदाच ‘टक्’ होत असेल तर साउंड कार्डाची वीजबचत बंद करा. वाजताना सतत तुटत असेल तर पाइपवायर या आवाज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा किमान क्वांटम, म्हणजे एका घासातले नमुने, वाढवून १०२४ करा.

यूएसबी साउंड कार्ड कधी घ्यावं?

जॅक झिजला असेल, किंवा लॅपटॉपच्या आतलीच चरचर हेडफोनमध्ये येत असेल, माउस हलवला की बारीक कुरकुर ऐकू येत असेल, तर जरूर घ्या. साधं कार्ड काही शे रुपयांत मिळतं. मात्र त्याआधी जॅकमधली धूळ हलक्या हातानं काढा. आपल्याकडे उन्हाळ्यात ती कुठेही शिरते. माझ्या जुन्या लॅपटॉपचा उजवा कान असाच मुका झाला होता. धूळ काढूनही काही फरक पडला नाही, जॅकच झिजलेला होता. तेव्हा घेतलेलं कार्ड अजून चांगलं चाललंय. त्या लॅपटॉपचा मदरबोर्ड उघडण्याच्या मानानं हा खर्च काहीच नव्हता.

ब्लूटूथ हेडफोनमुळे वायरीची कटकट संपते. पण २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायशी आणि यूएसबी ३ ला लावलेल्या हार्ड डिस्कशी त्याचा खटका उडतो. आधीच तडतडीनं वैतागलेल्या माणसाला तो माझा पहिला सल्ला नसेल.

आणि मामांचा कॉम्प्युटर

मामांकडे काहीही वाजत नसतानाही अँप्लिफायरमधून घुंऽऽ यायचं, आणि बोअरची मोटार सुरू झाली की तडतड. त्याच अँप्लिफायरला बॅटरीवर चाललेला मोबाइल जोडला तर आवाज स्वच्छ. म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर ठणठणीत. कॉम्प्युटर जोडला रे जोडला की घुंऽऽ परत. कॉम्प्युटरच्या पत्र्याला उलटा हात लावला तर झिणझिण्या येत होत्या. अर्थिंग नाही, याची ती खूण.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला विजेचा कचरा अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जायचा असतो. ती वाट बंद झाली की तो ऑडिओच्या वायरीतून अँप्लिफायरकडे धावतो. लॅपटॉप असेल तर याची परीक्षा सोपी: चार्जर काढा. घुंऽऽ थांबलं तर दोष बाहेरच्या विजेचा.

इथे ड्रायव्हर, साउंड कार्ड, मदरबोर्ड यांपैकी कशाचाच उपयोग नाही. यूएसबी कार्डसुद्धा त्याच कॉम्प्युटरच्या ग्राउंडला जोडलेलं असतं. ऑडिओच्या वायरीत बसवायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. त्यानं आवाज स्वच्छ होतो, पण पत्र्यातली वीज पत्र्यातच राहते. घरात लहान लेकरं असतील तर मला ते पटत नाही.

मी वायरमन बोलावला. सॉकेटमधली अर्थिंगची तार सुटलेली होती आणि अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक. आपली काळी जमीन एप्रिल-मे महिन्यांत भेगाळते, ओल गेली की मातीतून वीज नीट उतरत नाही. मीठ-कोळसा नवा भरला, तार जोडली, वर बादलीभर पाणी ओतलं. घुंऽऽ गेलं आणि झिणझिण्याही गेल्या. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. आणि सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन कधीही तोडू नका.

तेव्हापासून मामी तुळशीला पाणी घालताना उरलेला तांब्या त्या खड्ड्यात ओततात. काल मामांनी फोन कीर्तनाजवळ धरला होता. बुवा अभंगावर आले होते आणि मागची टाळांची किणकिण वेगळी ऐकू येत होती.