जुनी शेवरोले सी-१० : इंजिनापेक्षा पत्रा पाहून घ्यावी

१९६७ ते १९७२ या काळातील शेवरोले सी-१० ही अमेरिकी पिकअप हौशी लोकांना इतकी का आवडते, हे ती चालवून पाहिल्यावर लगेच कळते. मागच्या चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग असल्यामुळे हौदा रिकामा असतानाही ती फारशी उसळत नाही, बॉनेटखाली काम करायला ऐसपैस जागा आहे आणि सुटे भाग, अगदी नव्याने बनवलेल्या पत्र्यासकट, आजही मिळतात.

खरी परीक्षा गंजाची आहे. इंजिन, मग ते २५० घनइंचांचे सहा सिलिंडरचे असो वा ३५० घनइंचांचे आठ सिलिंडरचे व्ही-८, जाणकार मेकॅनिक उतरवून दुरुस्त करू शकतो. केबिनचा सडलेला पत्रा कापून, नवा वेल्ड करून, दारांच्या फटी पुन्हा जुळवायच्या म्हटल्या, तर मात्र खर्चाला अंत राहत नाही. म्हणून दाराखालचा उंबरा, केबिनचे मागचे खालचे कोपरे आणि छताच्या कडेची पन्हळ यांवर फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे, रबरी मॅट उचलावी आणि केबिन चासीवर जिथे टेकते ते जोड खाली शिरून पाहावेत. मी पाहिलेल्या एका चकचकीत गाडीत दाराच्या खालच्या वीतभर भागाला चुंबक चिकटलेच नाही, कारण रंगाखाली सगळी पुट्टी होती. विक्रेता मात्र नव्या क्रोमचेच कौतुक करत राहिला.

आखूड हौद्याच्या गाडीला मागणी जास्त, त्यामुळे १२७ इंच व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर) लांब चासी कापून ११५ इंचांची केलेल्या गाड्याही बाजारात येतात. माप अस्सल आखूड गाडीइतकेच भरत असल्याने टेपने मोजून ही लबाडी पकडता येत नाही. चासीवर वेल्डची शिवण शोधावी, आणि डॅशबोर्डमधील कप्प्याच्या झाकणावरचा कारखान्याचा कागद शाबूत असेल, तर त्यावरचा मूळ व्हीलबेस वाचावा.

रोज चालवायची असेल तर मी १९७१ किंवा १९७२ चीच सुचवेन, कारण पुढचे डिस्क ब्रेक १९७१ पासून सरसकट येऊ लागले. आधीच्या गाड्यांत चारही चाकांना ड्रम आहेत आणि आजच्या रहदारीत ते अपुरे वाटतात. पेट्रोलची टाकी या सर्वच वर्षांत केबिनमध्ये, सीटच्या मागे आहे. आत पेट्रोलचा वास आला, तर टाकीच्या नळ्या आणि झाकणाखालचे रबर बदलून घेतल्याशिवाय ती गाडी घरी नेऊ नये.