मीटर ७८ हजार आणि बॉनेट गरम

लिहू की नको असं चाललं होतं, आपणच गंडलो हे चारचौघात सांगायची लाज वाटते, पण ऑफिसातला एकजण परवा तसलीच जुनी डिझेल एसयूव्ही बघायला निघाला म्हणून लिहितोय.

मागच्या दिवाळीत आम्ही २०१६ ची सात सीटर डिझेल घेतली. घरात सहा माणसं, वर्षातून दोनदा कोकणात गावी जाणं, बजेट सात लाख. पुण्यात एका डीलरकडे (नाव घेत नाही, केस चालूय) पांढरी चकाचक उभी होती, मीटर ७८ हजार, फर्स्ट ओनर, पावणेसात लाख. बायको म्हणत होती गल्लीतल्या मिस्त्रीला सोबत न्या, तो दीड हजार मागत होता, मी म्हटलं यूट्यूबवर सगळं बघितलंय, कशाला. टायर बघितले, दरवाज्यांच्या फटी बघितल्या, एमपरिवहनवर नंबर टाकून मालक, इन्शुरन्स, कर्जाचा बोजा सगळं चेक केलं, सगळं ओके. पण गाडी किती पळालीय हे त्या ॲपवर कुठे असतं? नसतंच.

आता माती कुठे खाल्ली ते सांगतो. दहाला येतो असं फोन करून गेलेलो. पोचलो तर गाडी धुवून तयार, बॉनेटवर हात ठेवला तर गरम. पोरगा म्हणाला "सर आत्ताच वॉशिंगवरनं आणली". मला वाटलं काय तत्पर लोक आहेत! अहो दमलेलं डिझेल इंजिन खरं बोलतं ते रात्रभर थंड राहून सकाळी पहिला स्टार्ट मारल्यावर, सेल्फ किती वेळ फिरवावा लागतो, मागून पांढरा धूर येतो का निळा, खडखड किती वेळ टिकते, आणि इंजिन आधीच गरम करून ठेवलं की यातलं बरंचसं झाकलं जातं. फोन न करता जायला हवं होतं. स्टेअरिंगला नवं कव्हर, सीटला नवं कव्हर, पेडलला नवे रबर, हे बघून तर मी खूषच झालो. ७८ हजारात पेडलचे रबर झिजतात कसे हा प्रश्न मला तीन महिन्यांनी पडला.

दीड हजार किलोमीटरमध्ये ऑईल डिपस्टिकच्या (ऑईल मोजायची पट्टी) खालच्या खुणेच्याही खाली. ताम्हिणीत चढाला पिकअप नाही, आरशात बघतोय तर मागचा दुचाकीवाला धुरात गायब. शेवटी गेलो त्याच मिस्त्रीकडे. त्याने इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण काढलं आणि तिथेच उलटं ठेवलं, तर चहाच्या पातेल्यावरचं झाकण नाचतं तसं ते थडथड नाचायला लागलं आणि भकाभका वाफ. "साहेब, बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा गेल्या." म्हणजे सिलेंडरमधला दाब पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतोय. थोडीशी वाफ जुन्या डिझेलला असतेच पण झाकण उडेल इतकी नाही. विकताना जाड ऑईल भरलं असणार म्हणून आवाज दबला, असं त्याचं म्हणणं. झाकण काढून बघायला अर्धं मिनिट लागलं त्याला.

मग चॅसी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो, काउंटरवरच्या मुलाने हिस्टरी दाखवली, शेवटची नोंद नोव्हेंबर २०२१, १ लाख ६३ हजार. लॅपटॉप लावून मीटर मागे घेतलेलं. हे घ्यायच्या आधी विचारलं असतं तर तेव्हाही सांगितलं असतं त्यांनी. जुन्या पॉलिसीची कॉपी पण तेव्हा नीट वाचली नव्हती, नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य. म्हणजे बहुतेक एकतर आदल्या वर्षी क्लेम घेतलेला नाहीतर पॉलिसी मधे बंद पडलेली, दोन्हीपैकी काय ते विचारायला तरी हवं होतं.

डीलरला फोन केला तर आधी "दादा बघतो", मग "दादा सेकंड हँड आहे, तुम्ही 'जशी आहे तशी' वर सही केलीय". केली होती खरंच, तिसऱ्या पानावर. पण त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे माझ्याकडे, "मीटर १००% ओरिजिनल दादा", शेवटी दोन हात जोडलेले. त्याचा आणि सर्व्हिस हिस्टरीचा प्रिंट लावून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, पाच ते दहा लाखाच्या व्यवहाराला फी २०० रुपये, दोन वर्षांच्या आत करावी लागते. तिकडे इंजिन खोलून पडलंय, बोअर, रिंग-पिस्टन, टर्बो मिळून १ लाख ४० हजाराचं एस्टिमेट. मिस्त्रीने तपासायचे पैसे मात्र घेतले नाहीत, म्हणाला राहू द्या साहेब, आता काय तपासायचं.