फर्मवेअरच्या नावाखाली एपीके : ट्रेल कॅमेरेवाल्यांनो, जपून

तुमच्या ट्रेल कॅमेऱ्याला (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा, रानात बांधायचा कॅमेरा) वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, आणि तरीही कोणी व्हॉट्सॲपवर त्याचं ‘फर्मवेअर’, म्हणजे कॅमेरा चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, पाठवून फोनमध्ये भरायला सांगत असेल, तर फोन तिथंच ठेवून द्या. माझे ४१,५०० रुपये याच वाटेनं गेले.

कॅमेरा घेतला तो गव्यांसाठी. राधानगरी तालुक्यात ज्यांचा ऊस आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दाजीपूरच्या जंगलातनं कळप रात्री उतरतो, खातो थोडं आणि तुडवतो जास्त. पंचनामा होईपर्यंत पावसानं माग पुसलेले असतात, मग गवा होता की रानडुक्कर यावर खल. बांधावरच्या जांभळीला कॅमेरा बांधला की तो वाद मिटतो. (बांधायचा तो आपल्याच रानात. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही.)

जुनं कार्ड काढून ६४ जीबीचं घातलं आणि कॅमेरा ‘कार्ड एरर’ दाखवायला लागला. सेल बदलले की तारीखही मागं जायची. दुकानदार म्हणाला, “फर्मवेअर जुनं झालंय, कंपनीला विचारा.” कंपनीचा कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर शोधला. सगळ्यात वर जो आला तो जाहिरातीचा होता, हे नंतर कळलं. कंपनीचं नाव, लोगो, सगळं जागच्या जागी.

पलीकडचा माणूस शुद्ध मराठी बोलणारा, घाई न करणारा. त्यानं मेनूतला व्हर्जन नंबर वाचून दाखवायला सांगितला. नवे सेल घाला म्हणाला, कारण अपडेट चालू असताना सेल संपले तर कॅमेरा कायमचा बाद होऊ शकतो. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायला लावलं. “आणि सर, एकदा अपडेट सुरू झालं की कशालाही हात लावायचा नाही.”

यातलं एकही वाक्य खोटं नाही. बऱ्याच ट्रेल कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत हेच लिहिलेलं असतं. त्याची खरी कारागिरी इथं आहे. नऊ गोष्टी पुस्तकातल्या सांगायच्या आणि दहावी आपली सरकवायची. दहावी अशी, की फर्मवेअर फोनवरून कॅमेऱ्यात जातं, त्यासाठी कॅमेरा ‘रजिस्टर’ करावा लागतो, फी फक्त १० रुपये.

व्हॉट्सॲपवर फाईल आली. नाव कॅमेऱ्याच्या मॉडेलचं, शेपूट मात्र ‘.एपीके’, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवायची फाईल. फोननं अनोळखी ठिकाणचं ॲप म्हणून हटकलं, तर तो म्हणाला, “कंपनीचं अंतर्गत ॲप आहे सर, प्ले स्टोअरवर नसतं.” ॲपनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, मग १० रुपयांसाठी डेबिट कार्डाचा तपशील. त्यानंतर पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली, वर मोठ्या अक्षरांत : अपडेट चालू आहे, फोन बंद करू नका.

त्या पट्टीला जागून मी फोन टेबलावर ठेवून चहा घेत बसलो. तेवढ्या वेळात ओटीपी येत होते, ॲप ते परस्पर वाचून पुढं पाठवत होतं, मला एकही मेसेज दिसला नाही. फर्मवेअर अर्धवट तोडायचं नसतं हा खरा नियम त्यानं माझा हात फोनपासून लांब ठेवायला वापरला. चोर हुशार, हे मानावंच लागतं.

भाचा आला, त्यानं पडदा बघितला आणि फोन हिसकावूनच घेतला. “मामा, हे फर्मवेअर नव्हं, ॲप हाय. कॅमेऱ्याला वायफायच नाही, जाणार कुठनं?” फोन एरोप्लेन मोडवर टाकला, त्याच्या फोनवरून १९३० लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. तिथं बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो) विचारतात. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार पोचली तर ते तिथंच गोठवता येतात. माझ्या रकमेपैकी १६,००० रुपये असे अडकून राहिले, बाकी तोवर पुढं गेले होते.

बँकेला लेखी अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसलेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर ग्राहकावर तोटा येत नाही. आणि ग्राहकाचा निष्काळजीपणा धरला, तरी कळवल्यानंतर जो व्यवहार होईल त्याचा तोटा बँकेचा. कार्डाचा तपशील मीच भरला यावर बँकेनं बोट ठेवलंय, त्याचं भांडण चालू आहे. फोन मात्र पुरावे घेतल्याशिवाय रीसेट करू नका. चॅट, नंबर, फाईलचं नाव यांचे स्क्रीनशॉट सायबर ठाण्यात मागतात. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

आता खरं फर्मवेअर. ते बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर साधारणपणे फुकट असतं. फाईल कॉम्प्युटरवर उतरवायची, झिप असेल तर उघडायची, बहुतेक वेळा आत ‘.बिन’ फाईल निघते. ती कार्डावर, कुठल्याही फोल्डरमध्ये न टाकता ठेवायची, कार्ड कॅमेऱ्यात घालायचं आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मेनूतून अपडेट द्यायचं. काम झालं की फाईल काढून टाकायची. मॉडेल तंतोतंत जुळलं पाहिजे, कारण बाहेरून सारखे दिसणारे दोन कॅमेरे आतून वेगळे निघतात. वायफायवाल्या काही कॅमेऱ्यांना ॲप असतं हे खरं, पण त्याचं नाव पुस्तिकेत छापलेलं असतं आणि ते प्ले स्टोअरवर मिळतं.

गंमत म्हणजे माझ्या कॅमेऱ्याला अपडेट लागतच नव्हतं. तो ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड घेतो, पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. ६४ जीबीची कार्डं एक्सफॅटमध्ये फॉरमॅट होऊन येतात, जुन्या कॅमेऱ्यांना फॅट३२ लागतं (कार्डावर फाईली मांडायच्या या दोन वेगळ्या पद्धती). भाच्यानं ३२ जीबीचं कार्ड घालून कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं आणि एरर गेला. तारखेचं म्हणाल तर सेल काढले की घड्याळ जातं, दरवेळी लावून घ्यायचं.

गोठवलेले १६,००० सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज दिलाय. त्या जाहिरातीची तक्रार शोधयंत्राकडे केली होती. ती गेली, पण तोच लोगो परवा दुसऱ्या नंबरासकट पुन्हा वर दिसला.