इंग्रजीत लिहिलेला फिल्म रिव्ह्यू तपासायला कुणाला द्यायचा? सर, मैत्रीण, ॲप की चॅटबॉट

डिसेंबर लागला की आमच्याकडे फोंड्याला हा प्रश्न हमखास येतो. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, नुकताच संपलेला असतो, कॉलेजच्या मुलांनी पणजीला जाऊन चार-पाच पिक्चर बघितलेले असतात, मग कुणीतरी हौसेनं एखाद्याचा रिव्ह्यू इंग्रजीत लिहितं आणि विचारतं की आता हा दाखवू कुणाला. २००४ पासून फेस्टिवल गोव्यातच आहे, म्हणजे आत्ताची ही पोरं लहानपणापासून इफ्फीचं नाव ऐकत मोठी झालीयत, त्यामुळे पिक्चरबद्दल बोलायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. गाडी अडते ती लिहिताना. चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोंकणी माध्यम आणि पाचवीपासून सगळं इंग्रजीत, असं शिकलेल्या मुलांना इंग्रजी वाचता येतं, समजतं, बऱ्यापैकी बोलताही येतं, पण आपण मनानं लिहिलेलं चार ओळींचं काही कुणी शेजारी बसून नीट तपासून दिलंय असं फारसं घडलेलं नसतं.

म्हणून जे पर्याय हाताशी आहेत ते समोरासमोर ठेवते. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुठल्या बाजूला झुकलेय ते कळेल: लिहिलेलं दुरुस्त करून देणारा माणूस शोधू नका, कुठे अडखळलं ते दाखवून देणारा शोधा. आणि पहिला वाचक पिक्चर बघितलेला असावा, त्याचं इंग्रजी तुमच्याहून कच्चं असलं तरी चालेल.

उदाहरणाशिवाय हे हवेतच राहील म्हणून माझ्या भाचीच्या रिव्ह्यूतल्या चार ओळी तिला विचारून घेते. पिक्चर एका मच्छीमाराचा, कर्जापायी त्याची होडी जाते. तिनं लिहिलेलं असं होतं: "द फिल्म इज शोइंग अ फिशरमॅन हू लॉस्ट हिज बोट. दो ही इज सायलेंट, बट हिज आईज आर स्पीकिंग. आय वॉज व्हेरी बोअरिंग इन सेकंड हाफ. क्लायमॅक्स इज सुपर्ब."

आता हेच वेगवेगळ्या ठिकाणी दिलं की काय परत येतं ते बघा.

ग्रामर तपासणारं ॲप, म्हणजे ग्रामरली वगैरे, सगळ्यात सोपं. पेस्ट केलं की लगेच खाली रेघा येतात. "दो" आणि "बट" एकाच वाक्यात आलेत हे ते पकडतं (आपण "जरी-तरी" अशी जोडी लावतो ना, तीच सवय इंग्रजीत उतरते), "सेकंड हाफ"च्या आधी "द" राहिलंय ते पकडतं, स्पेलिंग तर पकडतंच. पण "आय वॉज व्हेरी बोअरिंग" हे वाक्य व्याकरणात बरोबरच आहे हो, फक्त त्याचा अर्थ मी स्वतः फार कंटाळवाणी होते असा होतो, आणि अशी वाक्यं ॲपच्या हातून सुटू शकतात. आणि "क्लायमॅक्स इज सुपर्ब" याला ते काय म्हणणार, एक "द" लावायला सांगेल की झालं. त्या वाक्यात वाचणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही हे सांगणं त्याचं कामच नाही. म्हणजे ॲप हवं, पण शेवटी, छापायला देण्याआधी.

चॅटबॉटचं जरा सविस्तर सांगते कारण हल्ली सगळे तिथेच जातात. "हा रिव्ह्यू सुधारून दे" म्हटलं की आधी दोन ओळी कौतुक येतं, आणि मग सगळा रिव्ह्यूच नवीन. भाचीचं "हिज आईज आर स्पीकिंग" परत आलं ते "हिज एक्स्प्रेसिव्ह आईज कन्व्हे अ प्रोफाउंड रेंज ऑफ इमोशन्स" असं होऊन. चूक काही नाही त्यात. पण हे वाक्य कुठल्याही पिक्चरच्या कुठल्याही हिरोला चिकटवता येतं, तिनं लिहिलेलं कच्चं होतं तरी ते तिनं बघून लिहिलेलं होतं. शिवाय कशात काय बदललं आणि का, हे मुलं वाचतच नाहीत, कॉपी करतात आणि पुढे जातात, पुढच्या महिन्यात परत तेच "इज शोइंग". अजून एक धोका फेस्टिवलच्या पिक्चरना जास्त आहे. ज्या पिक्चरबद्दल फार कमी लिहिलं गेलंय त्याबद्दल चॅटबॉट बिनधास्त नसलेला सीन किंवा भलताच कलाकार घालून मोकळा होतो, आणि ते इतक्या ठाम इंग्रजीत असतं की शिकणाऱ्याला वाटतं आपणच विसरलो असू.

तरी तो निकामी नाही. विचारायची पद्धत बदलली की बराच उपयोगी पडतो. मी मुलांना हे टाकायला सांगते: माझं एकही वाक्य बदलू नकोस, फक्त कुठल्या वाक्यात चूक आहे ते आणि चुकीचा प्रकार सांग, दुरुस्ती मी करून परत पाठवते, मग बरोबर झाली का सांग. असं केलं की तो शिकवणीच्या सरांसारखा वागायला लागतो, रात्री अकरा वाजता सुद्धा, आणि लाज वाटायचा प्रश्न नाही. ज्या मुलांना चारचौघांत चूक निघालेली अजिबात सहन होत नाही त्यांच्यासाठी ही सुरुवात चांगली आहे, यात कमीपणा काही नाही.

सरांकडे किंवा मॅडमकडे द्यायचं तर आधी बघा तुमचं कारण काय आहे. परीक्षेसाठी लिहिताय? मग दुसरीकडे फिरूच नका, सरळ शिक्षकांकडे. केंब्रिजच्या बी टू फर्स्ट या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाच्या दुसऱ्या भागात रिव्ह्यू हा एक पर्याय असू शकतो, १४० ते १९० शब्द, आणि त्याच्या वरच्या सी वन ॲडव्हान्स्ड परीक्षेला तोच २२० ते २६० शब्दांचा. तिथे मार्क चार गोष्टींना असतात: विचारलेलं सगळं आलंय का, रिव्ह्यू रिव्ह्यूसारखा वाटतोय का आणि वाचणाऱ्यापर्यंत पोचतोय का, मांडणी, आणि भाषा. म्हणजे व्याकरण हा चारातला एकच भाग. हे माहीत असलेले सर भेटले तर सोनंच. याच्या जोडीला केंब्रिजचंच राइट अँड इम्प्रूव्ह नावाचं फुकट टूल आहे, ते तुमची लेव्हल सांगतं आणि कुठलं वाक्य गडबडलंय ते दाखवतं, सगळं बदलून हातात देत नाही, म्हणून मला ते आवडतं.

पण शिक्षकांचेही प्रकार असतात. एका क्लासमधून भाचीचा रिव्ह्यू परत आला तो खाली "गुड" आणि दहापैकी सात एवढंच घेऊन, त्या सातातून काय शिकायचं? दुसरं टोक म्हणजे पानभर लाल शाई. सगळ्या चुका लाल करून खरंच फायदा होतो का यावर अभ्यासकांमध्येच मोठा वाद आहे, १९९६ साली जॉन ट्रस्कॉटनं चक्क मांडलं होतं की व्याकरण सुधारून देणं बंदच करा, १९९९ मध्ये डेना फेरिस यांनी त्याला उत्तर दिलं, आणि पुढे कितीतरी वर्षं हे चालूच राहिलं. मला स्वतःला मधला रस्ता पटतो: सरांनी चूक बरोबर करून लिहायची नाही, समासात खूण करायची, टी म्हणजे टेन्स, एसपी म्हणजे स्पेलिंग, डब्ल्यूडब्ल्यू म्हणजे चुकीचा शब्द, आणि मुलानं स्वतः शोधून काढायचं. भाचीला कॉलेजच्या एका मॅडमनी "इज शोइंग"वर नुसतं टी लिहून दिलं. तिनं शोधलं तेव्हा कळलं की पिक्चरची गोष्ट सांगताना इंग्रजीत साधा वर्तमानकाळ वापरतात, "शोज", "लूजेस", "कम्स बॅक" असं. मग स्वतःच पूर्ण रिव्ह्यूमधले क्रियापद शोधत बसली, संध्याकाळ गेली त्यात, पण परत ती चूक झालेली मी तरी बघितली नाही.

अडचण एवढीच की चांगल्या शिक्षकांना वेळ नसतो. वर्गात साठ-साठ मुलं असली तर तुमच्या हौसेच्या रिव्ह्यूसाठी त्यांनी कुठून वेळ काढायचा, म्हणून नेमकं मागा, ते खाली सांगतेच.

मग राहतात फाडफाड इंग्रजी बोलणारे मित्रमैत्रिणी. गोव्यात हे भाग्य आहे आपलं, मडगावची, म्हापशाची अशी एखादी मैत्रीण प्रत्येकाला असतेच जिच्या घरातच इंग्रजी चालतं. तिला वाचायला द्या, नक्की द्या, पण तपासायला नको. कानाला काय खटकतं ते ती क्षणात सांगेल, "असं नाही गो म्हणत कोणी", का नाही म्हणत ते तिला सांगता येणार नाही, आणि ती तिची चूक नाही, आपल्याला तरी मराठीचं सांगता येतं का. सगळ्यात चांगला वापर म्हणजे तिला मोठ्यानं वाचायला लावा आणि तुम्ही गप्प बसून ऐका. ती जिथे थांबते, परत मागे जाऊन वाचते, तिथे पेन्सिलनं टिंब करा.

भाषा शिकणाऱ्यांची अदलाबदलीची ॲप्स असतात, तुम्ही त्यांचं हिंदी बघा ते तुमचं इंग्रजी बघतात, तेही एकदा करून बघायला हरकत नाही. परदेशी वाचकामुळे एक गोष्ट लक्षात येते, आपण जे गृहीत धरतो ते त्याला माहीत नसतं. "सेकंड हाफ" वाचून समोरचा विचारतो कशाचा हाफ, कारण बाहेर बहुतेक ठिकाणी पिक्चरला इंटरव्हलच नसतो. मात्र उत्तर कधी येईल याचा भरवसा नाही आणि ओळख वाढवायलाच आलेले लोकही तिथे असतात, तेव्हा मुलींनी जरा जपून.

आणि आता तो, ज्यानं पिक्चर बघितलाय. हा पर्याय कुणी पर्याय म्हणून मोजतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. इफ्फीला पणजीच्या मॅकिनेझ पॅलेस थिएटरच्या रांगेत तुमच्या पुढे उभा असलेला वर्गमित्र, नाटकवेडा काका, कुणीही. भाचीनं तिच्या एका मित्राला हे वाचायला दिलं, त्याचं इंग्रजी तिच्याइतकंच, पण त्यानं तोच शो बघितला होता. त्यानं व्याकरणाला हातच लावला नाही. "डोळे बोलतात" या वाक्यावर बोट ठेवून कोंकणीत विचारलं, खंय? कुठल्या सीनमध्ये? ती म्हणाली, अरे, त्याची होडी ओढून नेतात तेव्हा, बाकी सगळे होडीकडे बघतायत आणि हा एकटाच स्वतःच्या हातांकडे बघत असतो. मग हे लिही की, तो म्हणाला. मग "क्लायमॅक्स सुपर्ब" वर: मला तर शेवट पटला नाही, तुला का आवडला? अर्धा तास भांडले दोघे, मराठी-कोंकणी-इंग्रजी सगळी खिचडी करून, आणि त्या भांडणातून तिला कळलं की तिला शेवट आवडला तो गाणं-बिणं न टाकता नुसत्या इंजिनच्या आवाजावर संपवला म्हणून. दुसऱ्या खर्ड्यात "सुपर्ब" गेलं आणि इंजिनचा आवाज आला. कंटाळा आला ते वाक्यही बदललं, कारण मित्रानं विचारलं नक्की कुठे कंटाळलीस, तेव्हा ते बँकेचे दोन लांबलचक सीन निघाले.

हे काम ना ॲप करतं, ना घाईतले सर. रिव्ह्यू म्हणजे शेवटी मत आणि त्याला पुरावा, आणि पुरावा पडद्यावर होता, तेव्हा तो बघितलेला माणूसच विचारू शकतो. भाषेच्या निम्म्या चुका तर मत धूसर असल्यामुळे होतात असं मला वाटतं, काय म्हणायचंय ते पक्कं झालं की वाक्यं आपोआप छोटी आणि सरळ होतात. तोटा एकच, मित्र भिडेखातर गोड बोलतो. त्यासाठी ज्याला पिक्चर तुमच्याइतका आवडला नाही असाच निवडा.

निवड करायची तर मग मी असं सांगेन. परीक्षा डोक्यावर असेल तर सर आणि सोबत राइट अँड इम्प्रूव्ह, बाकी वेळ घालवू नका. कॉलेजच्या मॅगझिनला द्यायचा असेल तर पिक्चर बघितलेला मित्र, मग खर्डा पुन्हा, मग मॅडमच्या खुणा, अगदी शेवटी ॲप, आणि चॅटबॉटनं लिहिलेलं वाक्य एकही नको, संपादकाच्या लगेच लक्षात येतं कारण बाकीचा रिव्ह्यू तुमचा असतो आणि ते एकच वाक्य सूटबूट घालून आलेलं असतं. नुसतं इंग्रजी सुधारायचंय, कुठे द्यायचं नाहीये, तर चॅटबॉट वर सांगितलं तसा वापरा आणि महिन्यातून एखादा रिव्ह्यू माणसाला दाखवा. आणि कुणीच नाही मिळालं तर पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन इंग्रजी पेपर-मासिकांतले रिव्ह्यू वाचा आणि दोन परिच्छेद वहीत उतरवून आपल्या परिच्छेदाशेजारी ठेवा, त्यातही बरंच दिसतं.

कुणालाही देताना "कसा वाटला?" असं विचारू नका, त्याला "छान" याखेरीज उत्तर नसतं. मित्राला विचारा, कुठल्या वाक्याशी तू सहमत नाहीस. मैत्रिणीला सांगा, मोठ्यानं वाच. सरांना लिहा, सर, फक्त क्रियापदांचे काळ आणि "द"-"अ" एवढंच बघाल का, खूण पुरे, दुरुस्ती मी करते. एवढं नेमकं मागितलं की दहा मिनिटांचं काम होतं आणि बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. मोबाईलवर फोटो पाठवण्यापेक्षा एक ओळ सोडून प्रिंट काढून द्या, समास मोठा ठेवा, म्हणजे खुणा करायला त्यांना जागा राहील.