कोरोनात घेतलेलं स्कीइंगचं सामान, इतके महिने वापरून पाहिल्यावर

स्की गॉगल, ग्लोव्हज, लोकरीचे मोजे, जॅकेट-पँट, पल्स ऑक्सिमीटर आणि घरीच बनवलेला स्लाइड बोर्ड (स्कीइंगसाठी आडवं घसरण्याचा सराव करायची गुळगुळीत फळी). एवढं सगळं मी 2020 च्या दिवाळीनंतर जमवलं, 2021 च्या फेब्रुवारीत काश्मीरला, गुलमर्गला वापरलं आणि बाकीचे महिने नागपुरात. आता पावसाळा संपत आलाय, काय टिकलं काय नाही ते कळलंय म्हणून लिहितो. ब्रँडची नावं देत नाही, त्यानं फार फरक पडतो असं मला वाटत नाही.

जायचं खरं तर मार्च 2020 च्या शेवटी होतं. 25 तारखेपासून लॉकडाऊन, विमानं बंद आणि पैसे परत मागितले तर म्हणे क्रेडिट शेल घ्या, म्हणजे पैसे कंपनीकडेच जमा, पुढच्या तिकिटाला वापरायचे. पुढे सुप्रीम कोर्टाची ऑर्डर आली, ते क्रेडिट 31 मार्च 2021 पर्यंत वापरता येणार होतं, म्हणून फेब्रुवारी पकडला, नाहीतर एवढी घाई मी केली नसती. परदेशाचा तर विषयच नव्हता, आणि तिकडेही काय धड चाललं नव्हतं, इटलीत 15 फेब्रुवारीला लिफ्ट सुरू होणार म्हणून सगळे तयारीत बसलेले आणि आदल्या दिवशी संध्याकाळी सरकारनं नाही म्हटलं. एक मित्र उत्तराखंडात औलीला स्कीइंगला जाणार होता, 7 तारखेला त्याच चमोली जिल्ह्यात ऋषिगंगेचा पूर आला आणि त्याचं तिथेच राहिलं.

आता भाड्यानं सगळं मिळत असताना विकत कशाला, हे मला अर्ध्या नागपूरनं विचारलंय. तर स्की, पोल आणि बूट भाड्यानंच घ्या, ते बूट इथून न्यायचे म्हटलं तर बॅगेजचं अर्धं वजन त्यातच जातं. पण जे तोंडाला, हाताला, पायाला चिकटतं ते आपलं पाहिजे. भाड्याच्या दुकानात ग्लोव्हजचा ढीग असतो, आतून ओले, सकाळी कोणी घातले दुपारी कोणी, आणि त्या दिवसांत तर ते हातात घ्यायलाच नको वाटत होतं. कोरोना गेला तरी हे मत बदलणार नाही माझं.

सगळ्यात जास्त लिहायचंय ते गॉगलबद्दल. डबल लेन्स, अँटीफॉग, सगळं लिहिलेलं होतं बॉक्सवर. नुसता लावला तर खरंच धुकं धरत नाही, कारण दोन काचांच्या मध्ये हवा असते त्यामुळे आतली काच थंड पडत नाही आणि फोममधल्या भोकांतून वाफ निघून जाते. पण मास्क घातला की संपलं! उच्छ्वास नाकाच्या बाजूनं वर येतो, थेट गॉगलच्या खालच्या फोममध्ये, आणि दोन वळणांत समोरचं सगळं पांढरं, आधीच बर्फ पांढरा त्यात हे. ट्रेनर म्हणायचा, साहब दिखेगा नहीं तो मुड़ोगे कैसे. शेवटी मेडिकलमधली साधी कागदी चिकटपट्टी मास्कच्या वरच्या कडेला नाकावर आडवी लावली, गाल ते गाल, आणि मास्क गॉगलच्या फोमखाली न घालता बाहेर ठेवला, तेव्हा जमलं. कापडी मास्क थोड्या वेळात ओला होऊन कडक पडतो, त्यामुळे आतल्या खिशात कोरडे दोन-तीन पाहिजेच. आणि थांबल्यावर गॉगल कपाळावर चढवायचा नाही, घामाची वाफ सरळ काचेत जाते. आतून पुसायचा तर मुळीच नाही, कोटिंग निघतं, मऊ कापडानं नुसतं टिपायचं.

लेन्स घेताना त्यावरचा आकडा बघा. माझी एस 2 आहे, म्हणजे 18 ते 43 टक्के उजेड आत येतो, ढगाळ दिवसाला मस्त, कडक उन्हात डोळे बारीक करावे लागतात. एस 3 उन्हासाठी. एकच घ्यायची तर एस 2 घ्या असं मी म्हणेन, कारण ढगाळ उजेडात उतारावरचे खड्डे-उंचवटे दिसतच नाहीत आणि नवशिक्या तिथेच पडतो.

नागपुरात थंडीत सकाळी गाडीवर हाच गॉगल घातला, वर्धा रोडला धूळ एक कण डोळ्यात जात नाही. रात्री घालू नका, काच गडद आहे. पण मे महिन्यात स्लॅबखालच्या कपाटात राहिला आणि फोमचा गोंद सुटून चिकट झाला, हाताला काळं लागायचं. आता कूलरच्या खोलीत ठेवतो. असलं सामान आपल्याकडच्या 45 डिग्रीसाठी बनवलेलंच नसतं, हे दुकानदार सांगत नाही.

स्लाइड बोर्ड: इतवारीतून चकचकीत सनमायका आणली, सहा बाय दोन फूट कापून प्लायवर चिकटवली, दोन्ही टोकांना लाकडी पट्टी, त्यावर रबर. बुटावरून जुने नायलॉनचे मोजे चढवायचे आणि या टोकावरून त्या टोकाला घसरायचं. मित्र व्हिडिओ कॉलवर म्हणे, काय करून राहिला बे! खालच्या काकू वर आल्या, रोज संध्याकाळी फर्निचर सरकवता का म्हणून, मग खाली सतरंजी टाकली. फायदा झाला का, तर मांडीच्या आतल्या बाजूला नक्की झाला, पिझ्झा धरून, म्हणजे स्कींची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून, ब्रेक मारताना तीच दुखते. पण बूट नडगीला जो दाबतो आणि पुढे झुकून राहावं लागतं त्याची सवय यानं होत नाही, त्यासाठी भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं जास्त कामाचं निघालं आणि ते फुकट आहे. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सचा चढ-उतारही केला, तिथे फिरायला परत सुरू झाल्यावर. उन्हाळ्यात प्लाय वाकला, कडेची सनमायका उचलली, पावसाळ्यात हवा दमट म्हणून मोजे सरकतच नाहीत, कोरड्या फडक्यानं पुसून घ्यावं लागतं.

प्रवासाचं थोडक्यात. श्रीनगरला उतरल्यावर तेव्हा कोरोनाची टेस्ट होती, रांग मोठी पण होऊन गेलं. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चाललं नाही, पोस्टपेड लागलं, 4जी नुकतंच 5 फेब्रुवारीला परत सुरू झालं होतं. परदेशी स्कीवाले जवळपास नव्हतेच, आपले लोक मात्र खच्चून. आम्ही परतलो आणि 26 तारखेपासून दिल्लीनं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना निगेटिव्ह आरटीपीसीआर लावला, 15 मार्चपासून नागपूरच बंद. थोडक्यात वाचलो.

ऑक्सिमीटर मी घेतला होता उंचीसाठी. नागपूर 310 मीटर, गुलमर्ग साधारण 2,650 आणि गोंडोलाचा (तिथला रोपवे) दुसरा टप्पा 3,900 च्या वर सोडतो, तिथे माझा ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली गेला. घाबरू नका, तिथे तसं होतंच, फक्त बोट गार असेल तर काहीही आकडा दाखवतो, आधी हात चोळा. पण एप्रिलमध्ये हाच डबा आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट टू फ्लॅट फिरत होता, बाजारात मिळतच नव्हते, सॅनिटायझरनं पुसून पुसून वरचं छापील अक्षर उडालं. त्याचे सेल अजून एकदाच बदललेत. पैसे वसूल म्हणाल तर हीच एक वस्तू.

मोजे उत्तम, एकावर एक दोन घालू नका, पाय बुटात चिमटतो. ग्लोव्हज वॉटरप्रूफ लिहिलेले होते, दुपारपर्यंतच असतात. जॅकेट चांगलं आहे पण नागपुरात एकदाही अंगावर चढलं नाही, साइझ एल, कोणी जानेवारीत जाणार असेल तर घेऊन जा आणि धुऊन परत करा. पँट मागू नका, तिची चेन गेलीय.